गुडघ्यातील सुटा तुकडा

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातून नागफणीच्या कड्याकडे जाणारी वाट चढताना दमवते; उतरताना मात्र कसोटी गुडघ्यांची लागते. अशा उतारावर साठीतल्या एखाद्या गृहस्थाचा गुडघा अवचित अडकतो. पाय वाकत नाही, सरळही होत नाही. थोडा हलवला की आत काही सरकल्यासारखे वाटते आणि चालणे पूर्ववत सुरू होते. घरी ‘वयाचे दुखणे’ म्हणून विषय मिटतो. पुढे पेढीवरच्या गादीवरून उठताना, सामायिकाच्या 48 मिनिटांनंतर आसन सोडताना तेच घडते. शत्रुंजयाच्या यात्रेचा बेत निघाला की ते गृहस्थ दुकानाची सबब सांगून मागे राहतात.

दुखणे निराळे आणि अडकणे निराळे. गुडघ्यातली गादी फाटल्यानेही तो अडकतो. परंतु अडकून पुन्हा मोकळा होणारा गुडघा आत सुटा तुकडा फिरत असल्याचे सुचवतो. जुना मार किंवा झीज यांमुळे हाडाचा वा कूर्चेचा कण निखळतो. सांध्यातील द्रवावर पोसून तो वाढूही शकतो, आणि निरोगी कूर्चेला घासत राहतो. फ्रेंच शल्यवैद्य आंब्रोआझ पारे यांनी 1558 मध्ये असा तुकडा गुडघ्यातून काढला होता. आत डोकावण्याचे साधन मात्र राँटगेन यांच्या क्ष-किरणांनी 1895 मध्ये दिले.

तेही साधन एका दिशेने पुरे पडत नाही. समोरून न दिसलेला तुकडा बाजूच्या किंवा गुडघा वाकवून काढलेल्या चित्रात सापडतो. नुसत्या कूर्चेचा तुकडा क्ष-किरणांत उमटतच नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. उलट, काहींच्या गुडघ्यामागे ‘फॅबेला’ नावाचे लहानसे हाड असते. त्यालाच चुकून सुटा तुकडा समजले जाते. अनेकान्ताचे संस्कार लाभलेल्या घरांना हे नवे नाही. प्रत्येक चित्र हा एक नय होय. ‘एक्स-रे चांगला आला’ हे वचन खरे असले, तरी ते तेवढ्या बाजूपुरतेच खरे असते. रुग्णाचे स्वतःचे सांगणे हाही एक नयच; घरात तोच बहुधा दुर्लक्षिला जातो.

म्हणून गुडघा कोणत्या हालचालीत अडकला, किती वेळ अडकला आणि कशाने सुटला, हे लिहून ठेवावे. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना जुनी चित्रेही न्यावीत. दोन चित्रांत तुकड्याची जागा बदललेली दिसली, तर निदानाला मोठा आधार मिळतो. प्रत्येक तुकडा काढावाच लागतो असे नाही. काढायचा झाल्यास बहुधा दुर्बिणीतून, लहान छेद घेऊन काढता येतो. गुडघा अडकून सुटलाच नाही, तर मात्र त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. आणि यात्रेला मागे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना दुकानाचे कारण पुन्हा एकदा, शांतपणे विचारावे.