कळसूबाईच्या पायथ्याची चव

देहूरोडला लष्करी डेपोच्या आधाराने तमिळ, तेलुगू, पंजाबी, गढवाली अशी घरं शेजारी-शेजारी वसली. दुपारी एका गल्लीतून चाललं, तरी सांबार, राजमा आणि मिरचीचा ठेचा यांचे वास ओळीनं नाकाशी येतात. अशा गावात वाढलेल्या माणसाला नव्या चवीचं अप्रूप उरत नाही. श्रावणात अकोले तालुक्यात गेलो, तेव्हा ते अप्रूप पुन्हा जागं झालं.

चाकणपर्यंत कारखान्यांची कुंपणं आणि पाळीच्या बसगाड्या. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर मागे पडली, अकोलेही ओलांडलं आणि देशच बदलला. ढगांत डोकं खुपसून उभी असलेली कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. खाली भाताची खाचरं, उतारावर नागली आणि वरई. पाऊस असा, की समोरचं घर दिसावं आणि लगेच पुसलं जावं.

कोंभाळणे हे राहीबाई पोपेरे यांचं गाव. महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, हे वर्तमानपत्रात वाचलं होतं. नातू सारखा आजारी पडू लागला, तेव्हा संकरित बियाणं आणि फवारणीच्या अन्नाकडे त्यांची शंका वळली आणि त्यांनी जुनी वाणं जमवायला घेतली. ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली आणि घरातच बियाणे बँक उभी राहिली. एवढं माहीत असूनही त्या बँकेतल्या बियांच्या मडक्यांपुढे मी थक्क झालो. राखेत घोळलेलं बी, शेणामातीनं लिंपलेली तोंडं, घेवड्या-वालाचेच किती रंग! पांढरे, तांबडे, ठिपक्यांचे, काळ्या डोळ्यांचे. पाककृती लिहून ठेवली की स्वयंपाक वाचतो, असं आपण शहरात धरून चालतो. काळभातासारख्या भाताच्या वाणाचं बीच संपलं, तर त्याचा वास कुठल्या पुस्तकातून येणार?

जेवण पलीकडच्या एका वाडीत झालं. चुलीपाशी बसलेल्या मावशींनी नागलीच्या पिठाची उकड काढली, ती मळली आणि हातावर भाकरी थापली. तव्यावर ती काळसर तांबूस झाली, निखाऱ्यांवर टम्म फुगली. सोबत हुलग्याचं पातळ कालवण आणि बांधावरून नुकतीच खुडून आणलेली कुर्डूची भाजी. भाजीत लसूण, मिरची, मीठ, बस. तरी तिची चव जिभेवर रेंगाळत राहिली.

“कडूकंद खाल्लाय का कधी, दादा?” मावशींनी विचारलं.

नाही म्हटल्यावर त्यांनी सगळी रीत सांगितली. कंदाच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग वाहत्या पाण्यात ठेवायच्या, चाखून बघायच्या, कडूपणा उरला तर पुन्हा पाण्यात. घाई केली तर हाच कंद विषासारखा बाधतो. मी ऐकत होतो आणि अंगावर काटा येत होता. भुकेच्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा हे शोधलं असेल, कुणी त्यात आजारी पडलं असेल, आणि तेव्हापासून सासूनं सुनेला, आईनं लेकीला हे शास्त्र तोंडी दिलं. प्रयोगशाळेइतकंच काटेकोर शास्त्र आहे हे, आणि त्याला तेवढाच मान मिळायला हवा.

कृषी विभाग ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो, ते चांगलंच आहे. पण मांडवात ठेवलेली जुडी ओळखणं वेगळं आणि कुठल्या ओहोळाकाठी, कोणत्या पावसानंतर, किती कोवळी असताना ती खुडायची हे पायांना ठाऊक असणं वेगळं.

मावशींचे मालक बोहाड्याविषयी बोलू लागले, तेव्हा त्यांचा आवाजच चढला. उन्हाळ्यात पिकं घरात आली, की रात्रभर संबळ-पिपाणीच्या तालावर देवदानवांची सोंगं नाचतात. भला मोठा मुखवटा तोंडावर बांधून माणूस पुढे येतो, मशालींच्या उजेडात गाव डोळे विस्फारून बघतं. अमुक घराण्याकडे अमुक सोंगाचा मान, अशी वाटणी असते. त्यांच्या घरचं सोंग आता कोण नाचवणार, असं मी विचारलं. थोरला चाकणला कंपनीत आहे, म्हणाले, पण बोहाड्याला रजा टाकून येतो. मला फार बरं वाटलं. आमच्या पट्ट्यातल्या त्या बसगाड्यांत अशी किती सोंगं, किती रानं रोज पाळीला जात असतील! कंपन्यांनी दिवाळीसारखीच या रात्रींसाठीही रजा द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

निघण्यापूर्वी बियाणे बँकेचा व्यवहार समजून घेतला. बी विकण्यापेक्षा उसनं देण्यावर भर असतो. शेतकऱ्यानं मूठभर नेलं, तर पीक आल्यावर दुप्पट आणून द्यायचं. परत आलेलं बी पुन्हा राखेत जातं आणि पुढच्या मृगाला दुसऱ्याच कुणाच्या शेतात.