नेऱ्याच्या हवेतलं ओव्हरक्लॉकिंग

कोअरला अधिक दीडशे, मेमरीला अधिक पाचशे. मुलं बहुतेक वेळा आकडा पाठ करूनच येतात. कुणाच्या तरी व्हिडिओत तो पाहिलेला असतो, लॅपटॉपचं मॉडेलही तेच असतं. "दादा, एवढं करून द्या ना." करून द्यायला अर्धं मिनिटही लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हा ग्राफिक्स कार्डाचा वेग बदलणारा प्रोग्रॅम उघडायचा, दोन पट्ट्या उजवीकडे सरकवायच्या, टिकमार्क दाबायचा. पण ते करून देणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर लावून देणं.

एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिपा सारख्या नसतात. एक कमी व्होल्टेजवर निमूट पळते, दुसरी तेवढ्यावरच अडखळते. शिवाय लॅपटॉपच्या कार्डाचं नाव फसवं असतं. आरटीएक्स ३०६० हे नाव लावणारं लॅपटॉपमधलं कार्ड ६० वॅटचंही असू शकतं आणि ११५ वॅटचंही. किती वीज द्यायची ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आणि तिसरी गोष्ट हवा. लॅपटॉपचा पंखा थंडावा तयार करत नाही, खोलीतली हवाच आत ओढतो. माथेरानच्या पायथ्याकडच्या आमच्या नेऱ्यात जानेवारीच्या पहाटेची आणि मे महिन्याच्या दुपारची हवा यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. वीज तेवढीच आणि पंख्याचा वेगही तोच असेल, तर तो फरक जवळजवळ जसाच्या तसा चिपच्या तापमानात उतरतो.

ओव्हरक्लॉकिंगचा नाद आपल्याकडे जुना आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडणाऱ्या पिढीच्या मनात ओव्हरक्लॉकिंग म्हणजे फुकटात मिळालेला वेग, ही कल्पना तिथून घट्ट बसली. पण डेस्कटॉपला मोठी पेटी असते, मोठा पंखा बसवता येतो. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बहुधा एकाच तांब्याच्या नळ्यांवर उष्णता टाकतात आणि एकाच अडॅप्टरच्या विजेवर जगतात. एनव्हिडियाने २०१५ च्या फेब्रुवारीत लॅपटॉप कार्डांचं ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधून बंदच केलं होतं. लोक खवळले, तेव्हा पुन्हा सुरू केलं. आजही बहुतेक लॅपटॉपांत पॉवर लिमिटची पट्टी कुलूपबंदच असते.

म्हणून माझं पहिलं हत्यार स्क्रू ड्रायव्हर. नेऱ्याच्या आसपास इमारती उठतायत, डंपर दिवसभर ये-जा करतात. ती बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांत बसते आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तिचा नमदा होतो. पंखा बोटाने धरून ठेवायचा, ब्रशने पाती मोकळी करायची, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, लॅपटॉपची मागची बाजू उचलून ठेवायची. हे केल्यावर निम्मी गिऱ्हाइकं क्लॉक वाढवायचं विसरतात, कारण हरवलेला वेग परत आलेला असतो. चिप तापून स्वतःच हळू चालत होती.

मग व्होल्टेज. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ०.९ व्होल्टवर चालणारा वेग ०.८ व्होल्टवर टिकवता आला, तर त्या कामाची वीज सुमारे एकवीस टक्क्यांनी उतरते. वीज ठरलेली असेल तर वाचलेले वॅट चिप वेगात घालते. त्यामुळे लॅपटॉपवरचं खरं ओव्हरक्लॉकिंग व्होल्टेज उतरवूनच होतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की वेग-व्होल्टेजचा वक्र उघडतो. निवडलेल्या व्होल्टेजवरचा बिंदू थोडा वर उचलायचा आणि त्याच्या उजवीकडचा सगळा वक्र सपाट करायचा. पंधरा-पंधरा मेगाहर्ट्झनी चढायचं, दर पायरीला तपासायचं.

तपासण्यातच कस लागतो. थ्रीडीमार्कची टाइम स्पाय स्ट्रेस टेस्ट तोच प्रसंग वीस वेळा चालवते आणि फ्रेमच्या वेगातलं सातत्य ९७ टक्के असेल तरच पास म्हणते. मुलं तिथे थांबतात. पण जड परीक्षेत वीज आधी संपते, चिप वक्राच्या वरच्या टोकाला पोचतच नाही. तोच लॅपटॉप एखादा हलका जुना खेळ सुरू करताच कोसळतो, कारण तिथे वीज शिल्लक असते आणि चिप नको तेवढी वर उडी मारते. थंडीतही तेच. २०१२ पासून एनव्हिडियाची कार्डं गार राहिली की आपोआप थोडी वर चढतात, त्यामुळे मे महिन्यात उत्तम चाललेलं सेटिंग जानेवारीत लंगडू शकतं. दोन्ही टोकं पाहिल्याशिवाय मी सेटिंग पक्कं मानत नाही, आणि शेवटच्या स्थिर पायरीवरून एक-दोन पायऱ्या खाली उतरून ठेवतो. लिहून देताना खाली तारीख आणि खोलीचं तापमान टाकतो.

मेमरीच्या बाबतीत मी कंजूष आहे. बहुतेक लॅपटॉपांवर तिचं तापमान दिसतच नाही. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चमचमणारे त्रिकोण दिसू लागले, म्हणजे मर्यादा ओलांडून झालेली असते.

यात चिप जळते का? सहसा नाही. ती आधी वेग उतरवते. ड्रायव्हरने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज तो पुन्हा सुरू करते, पडदा क्षणभर काळा होतो, बस्स. झिजतं ते बाकीचं: सतत भरधाव फिरणारा पंखा, पेस्ट, उष्णतेच्या शेजारी पडून फुगणारी बॅटरी. म्हणून बायोस बदलून वॅट वाढवायला मी नकार देतो. आणि नवं सेटिंग आठवडाभर नीट चालल्याशिवाय विंडोजबरोबर आपोआप लागू होऊ देत नाही; बिघडलंच तर नुसतं रीस्टार्ट करून सुटका व्हावी.

एवढ्या खटाटोपाने साठ फ्रेमच्या जागी चौसष्ट मिळतात. डोळ्याला तो फरक कळत नाही, हे मी पैसे घेण्याआधीच सांगतो. तरीही मुलं बसून राहतात. मग मी त्यांच्याच हाताने वक्र ओढायला लावतो. आपल्या मशीनची मर्यादा स्वतः शोधलेला मुलगा पुढच्या वेळी येतो तेव्हा आकडा मागत नाही, खोलीत किती गरम होतंय ते सांगतो.