माती, माणूस आणि निवड : जुन्नर-आंबेगावच्या निमित्ताने

साहित्याच्या अभ्यासक्रमात भूगोल नसतो. तरीही प्रादेशिक कादंबरीवर प्रश्न आला की 'ही कलाकृती त्या मातीतूनच उगवली आहे' हे वाक्य उत्तरपत्रिकेत हमखास भेटते. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. हे वाक्य आम्ही असंख्य वेळा वाचले आहे. त्याच्या मुळाशी तेन या फ्रेंच समीक्षकाची वंश, परिस्थिती आणि काळ ही त्रिसूत्री आहे, हेही आम्ही वर्गात सांगतो. परंतु ही 'माती' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात क्वचितच विचारला जातो.

भूगोलात मात्र या प्रश्नावर मोठा वाद झाला. रात्झेल आणि त्याच्या विचाराचा अमेरिकेत प्रसार करणाऱ्या एलेन सेंपल यांनी निसर्ग माणसाला घडवतो या बाजूला वजन दिले. फ्रान्समध्ये विदाल द ला ब्लाश यांनी निसर्ग केवळ पर्याय पुढे ठेवतो, निवड माणूस करतो, असा विचार मांडला. इतिहासकार ल्युसियँ फेव्र यांनी १९२२ मध्ये त्याला 'शक्यतावाद' हे नाव दिले. या दोन भूमिका पडताळून पाहण्यास आमच्या विद्यार्थ्यांचे जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके फार सोयीचे आहेत.

प्रथमदर्शनी येथे नियतिवादाचाच विजय दिसतो. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तेथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला त्याचा चौथा हिस्साही पडत नाही. पश्चिमेला भातखाचरे, नाचणी, वरई आणि हिरड्याची झाडे. पूर्वेला परंपरेने बाजरी. घर, अन्न, सण, बोलीतले शब्द, सारे काही पावसाच्या उतारावरून खाली येत बदलत जाते.

पण जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांकडे पाहिले की ही मांडणी अपुरी वाटू लागते. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी मिळून येथे दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेणी कोरण्याजोगा काळा पाषाण सह्याद्रीत सर्वत्र आहे. तरी एवढी दाटी येथेच का झाली? शिलालेख उत्तर देतात. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी आणि काही यवन यांची नावे दानलेखांत आहेत. कल्याण-सोपाऱ्याकडून नाणेघाट चढून येणारा व्यापार या गावी विसावत होता आणि त्याच घाटात सातवाहन राणीने आपल्या यज्ञांचा आणि दानांचा लेख कोरविला. दगड निसर्गाचा, त्याचे लेणे करण्याचा निर्णय आणि पैसा माणसांचा. पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, आणि आज कल्याणहून येणारी गाडी माळशेजने येते. नाणेघाट जागच्या जागी आहे. खिंड तीच, पाषाण तोच. निवड तेवढी निघून गेली.

म्हणजे शक्यतावाद खरा, असे म्हणून थांबता आले असते. आम्हाला थांबू दिले नाही ते एका विद्यार्थिनीने. 'माझे गाव' या विषयावर लिहिताना तिने लिहिले होते की आमचे शेत वर्षातून काही महिनेच असते. तिचे घराणे डिंभे धरणाच्या बुडीत क्षेत्रातले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आजोबांची जमीन उघडी पडते, तेव्हा तिच्यावर गाळपेर करायची. पाऊस आला की ती पुन्हा जलाशयाची. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले, ते गावही त्याच पाण्याखाली आहे. 'निवड माणूस करतो' हे वाक्य या मुलीपुढे कोणत्या तोंडाने उच्चारावे? निवड झाली होती, हे निश्चित. ती तिच्या घराने केली नव्हती.

कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतले हे पाणी कालव्यांनी पूर्वेला गेले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, समृद्धी आली. उसाबरोबर बिबट्याही आला. दाट, ओलसर, महिनोन्‌महिने न हलणारे पीक त्याला निवाऱ्याला पुरले; मादी उसातच पिल्ले घालू लागली. २००१ नंतर येथील हल्ल्यांची चर्चा राज्यभर झाली. त्या काळात पकडलेले बिबटे दूर जंगलात नेऊन सोडले गेले. त्यानंतर हल्ले वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. पुढे माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उभे राहिले. आज तोडणीला आलेल्या मजुराच्या लेकरासाठी बिबट्या हा 'निसर्ग' आहे. पण हा निसर्ग एका आराखड्यातून, कालव्यातून आणि पिकाच्या भावातून घडला आहे.

संस्कृतीही येथेच वेगळी होते. पश्चिमेच्या महादेव कोळी पाड्यांत वाघबारशीला वाघोबाची पूजा होते. त्या जनावराशी भय आणि आदर यांचे जुने नाते आहे. पूर्वेच्या बागायती गावांत त्याच्याविषयीची भाषा पिंजऱ्याची, भरपाईची आणि 'शेतीला दिवसा वीज द्या' या मागणीची आहे. एका भाषेला आपण लोकसंस्कृती म्हणून अभ्यासक्रमात स्थान देतो. दुसरीला देत नाही. वास्तविक दोन्ही माणसाने परिस्थितीला दिलेली उत्तरेच आहेत.

या साऱ्यातून आमच्यापुरता एक निष्कर्ष निघतो. निसर्ग आणि निवड या दोन वेगळ्या पारड्यांत ठेवण्याच्या वस्तू नाहीत. एकाने केलेली निवड काही वर्षांनी दुसऱ्याची परिस्थिती होते, आणि तिसऱ्या पिढीला ती निसर्गच वाटू लागते. म्हणून 'मातीतून उगवलेले साहित्य' हा शब्दप्रयोग आम्ही वर्गातून हद्दपार करणार नाही. त्यापुढे दोन प्रश्न मात्र जोडू. ही माती अशी कोणी केली? आणि ती तशी होत असताना कोणाला विचारले गेले नव्हते? कादंबरीतला दुष्काळ, पूर, ओसाड गाव यांकडे या प्रश्नांसह पाहिले, तर पार्श्वभूमी म्हणून सोडून दिलेली पाने कथानकाचाच भाग ठरतात. त्या मुलीच्या निबंधाला गुण देताना 'निसर्गवर्णन चांगले' असा शेरा आम्हाला लिहिता आला नाही. तिने निसर्गाचे नव्हे, इतिहासाचे वर्णन केले होते.