दोन कुलपांची पेटी

घोणस आमच्या घरी आली ती पितळी घागरीतून, अजगराचं पिल्लू म्हणून.

जानेवारी 1968. मी कऱ्हाडला मामाकडे शिकायला होतो. 11 डिसेंबरच्या पहाटेचा कोयनेचा भूकंप होऊन महिना उलटला होता, तरी जमीन अधूनमधून हुडहुडायची आणि आळीतली निम्मी माणसं अजून अंगणात झोपायची. मामा शाळेत चित्रकलेचा मास्तर. त्याला झाडंपाखरं, किडामुंगी काढायचा नाद, हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून ऊसतोडीत सापडलेला ‘अजगर’ ओळखीच्या शेतकऱ्यानं थेट त्याच्याकडे आणला. मामानं घागरीवरचं फडकं जरा सैल केलं आणि आतून लोहाराचा भाता फुटावा तसा आवाज सुरू झाला. तो थांबेचना. अजगर असा ओरडत नाही. मामानं फडकं पुन्हा आवळलं आणि वर पाटा ठेवला.

“बापू, हे घरात राहणार नाही,” आजी म्हणाली.

“चित्र होईपर्यंत, आई.”

“चित्राला किती दिवस लागतात?”

“बघू.”

सहा महिने लागले. आज कुणी असं करू नये आणि कायद्यानं करताही येत नाही. पण वन्यजीवांचा कायदा आला 1972 साली, आणि आमची पाहुणी त्याच्या चार वर्षं आधीची.

आजीनं अट घातली ती पेटीची. मामाच्या हातात सुतारकी होती. त्यानं सागवानी फळ्या आणल्या, चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच असा खोका धरला आणि पुढच्या बाजूला काच लावायची ठरवलं. काचेतून चित्र नीट काढता येतं. पण त्याच आठवड्यात रात्री एक धक्का बसला. फडताळातल्या बरण्या वाजल्या, एक फुटली. आजी लोणच्याच्या राड्यात उभी राहून एवढंच म्हणाली, “काच नको.” मामानं वाद घातला नाही. पेटी टेबलावरनं जमिनीवर आली, काचेच्या जागी अर्ध्या इंचाची तारेची जाळी आली. एक नव्हे, दोन. आतल्या जाळीपासून चार बोटं अंतर सोडून बाहेरची, म्हणजे पोरानं बोट घातलं तरी दातापर्यंत पोचू नये. पोर म्हणजे मी.

बाकीची रचना मला आजही सुताराला सांगता येईल. पेटीला वरनं झाकण नव्हतंच. वरनं हात घालणं म्हणजे तिच्या तोंडात देणं, घोणस उसळी घेऊन वर मारते. आत मधोमध सरकफळी होती, तिची मूठ बाहेर. एका कप्प्यात तिचा अंधारा कोपरा, दुसऱ्यात पाण्याची थाळी. ती अंधारात गेली की फळी ढकलायची, पक्की बसली का ते दोनदा बघायचं, मगच दुसऱ्या कप्प्याचं दार. पाणी घालायला तेवढंही नको, बाहेरून नरसाळं होतं. सापळ्यातला मेलेला उंदीर सांडशीनं ठेवायचा. दाराला दोन कुलपं. एक किल्ली मामाच्या जानव्याला, दुसरी आजीच्या कमरेला. एकट्यानं पेटी उघडताच येत नसे. मला तर वाटतं, सगळ्या पेटीत खरी अक्कल होती ती या दुसऱ्या किल्लीत.

पेटी ठेवली अडगळीच्या खोलीत, पण आधी अडगळ बाहेर काढून. जमिनीवर चिंधीसुद्धा ठेवायची नाही, भिंतींना पांढरा चुना, मोरीचं भोक सिमेंटनं बंद, उंबऱ्याशी पोत्याची वळकटी. दारावर मामानं सुरेख अक्षरात लिहिलं होतं : ‘आत घोणस आहे.’ त्याखाली दवाखान्याचा पत्ता. तिथे हाफकिनचं प्रतिविष असतं, ही चौकशी तो आधीच करून आला होता.

ती स्वतः अगदी आळशी बाई. साडेचार फूट लांब, मनगटाहून जाड. दिवसभर एकाच वेटोळ्यात. अंगावर कडा काळ्या असलेल्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, मधली रांग साखळीसारखी. त्यातला एकही ठिपका दुसऱ्यासारखा नाही, अशी मामाची तक्रार असे, आणि चित्र रखडायचं हेच कारण. मी खोलीत पाऊल टाकलं की ती फुगायची, हवा सोडायची, पुन्हा फुगायची. मामा आला तरी तेच. ओळख वगैरे तिनं कुणाला दाखवली नाही.

मे महिन्यात तिनं उंदीर सोडले. सकाळी जाळीतून ऊन येई त्या पट्ट्यात पसरून पडायची, मागचा भाग फुगलेला. आजीनं दारातूनच बघून सांगितलं, “ही पोटुशी आहे.” मामा हसला. कप्प्यात वाळू घालू म्हणाला, अंडी घालायला बरी.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, शाळेच्या वेळेला, मामानं दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. “आई, आकडा दे. आणि पोराला अंगणात ने.”

घोणस अंडी घालत नाही, पिल्लं देते. वीतभर लांबीची, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, हुबेहूब आईसारखी ठिपक्यांची, आणि पहिल्या दिवसापासून विषारी. अर्ध्या इंचाच्या दोन्ही जाळ्यांतून ती आरामात बाहेर आली होती. मामानं भूकंपाचा विचार केला होता, माझ्या बोटाचा केला होता.

दुपारपर्यंत आकडा, सांडशी आणि झाकणाचा पत्र्याचा डबा घेऊन तो एकेक पिल्लू उचलत होता. पांढरा चुना आणि मोकळी जमीन यांनीच त्या दिवशी आम्हाला वाचवलं. पिल्लू कुठेही असलं तरी दिसत होतं. काही आईच्या अंगाशी, बरीचशी भिंतीच्या कडेला, तीन पोत्याच्या वळकटीत. एकोणतीस झाली. पण एकोणतीस म्हणजे सगळी का? पेटीत पिल्लांची पातळ, ओली आवरणं पडली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आजीनं मामाला ती आकड्यानं वर्तमानपत्रावर काढायला लावली, चष्मा लावला आणि दोनदा मोजली. एकतीस.

दोन पिल्लं सापडली नाहीत. आम्ही खोलीच्या फरश्या काढल्या, वळकटी जाळली, कौलं उतरवून बघितली. आवरण फाटून एकाची दोन झाली असतील, असं मामा म्हणे. आजी काही म्हणत नसे. तिनं अंगणातली खाट त्या पावसाळ्यात आत आणली नाही, वर ताडपत्री बांधली.

तिसऱ्या दिवशी मामा पेटी आणि डबा बैलगाडीत घालून आगाशिवाच्या डोंगराकडे गेला आणि सगळ्यांना वस्तीपासून लांब, झुडपांत सोडून आला. चित्र शेपटीकडे अपुरंच राहिलं. पुढे देवरसांचं भारतातल्या सापांवरचं पुस्तक त्यानं मागवलं. ते 1965 सालीच निघालेलं होतं.

पेटी आता पुण्यात माझ्याकडे आहे. कुलपं गेली, जाळी तीच आहे. आम्ही तीत कांदे ठेवतो.