करपा वाळवंटातही येतो



खलिफा सिटीत सध्या बऱ्याच जणांच्या अंगणात टोमॅटो लागलेत. मुलांनी आपापल्या झाडांची बारशीही केली असतील! म्हणून हे वेळेत लिहितेय.

"इतक्या कोरड्या हवेत करपा कसा येईल?" असं एका मैत्रिणीने विचारलं. करप्याला पाऊसच हवा असं नाही, पान काही तास ओलं राहिलं तरी पुरतं. इथे थंडीत पहाटे धुकं असतं, दव पडतं. त्यात आपण संध्याकाळी पाइपने झाडांना आंघोळ घालतो.

करपा दोन प्रकारचा. लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. तपकिरी डाग, त्यात एकात एक वलयं, भोवती पिवळेपणा. तो हळूहळू वर चढतो, तेवढी पानं वेळीच काढली तर झाड तगतं. उशिरा येणारा करपा मात्र घातकी. ओलसर, काळपट चट्टे पडतात, पहाटे पान उलटं केलं की खाली पांढरी लव दिसते. आठवड्याभरात झाड झोपतं. १८४५पासून आयर्लंडमधला बटाटा यानेच संपवला. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली.

आपल्या हातात काय आहे?

– पाणी सकाळी आणि मुळाशीच. ठिबक असेल तर उत्तम.
– झाडांत अंतर ठेवा, काठीचा आधार द्या, जमिनीला टेकणारी पानं काढा.
– मातीवर वाळलेल्या गवताचं आच्छादन घाला, म्हणजे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.
– त्याच मातीत पुढच्या वर्षी टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची नको. एकाच कुळातली आहेत.
– रोगट पानं खतात टाकू नका. पिशवीत बांधून कचऱ्यात.

उशिराचा करपा दिसला तर झाड उपटायचं. हे सगळ्यात अवघड. माझी नऊ वर्षांची लेक तिच्या 'चिंगी'समोर उभी राहिली, "आई, ती अजून हिरवी आहे गं!" मी सीए, मला बुडीत खातं कळतं. तिला कसं सांगणार? शेजारची पाच झाडं दाखवली, पान उलटं करून लव दाखवली आणि थांबले. बऱ्याच वेळाने ती स्वतःच पिशवी घेऊन आली. त्या दिवशी जेवताना मात्र गप्प होती.

आता रोज शाळेची बस येण्याआधी पाचही झाडांची पानं तीच उलटून बघते. तुमच्याकडेही हे काम मुलांनाच द्या. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात.