टायमिंग चेन आणि जुनी पद्मिनी

टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, झाकणाआड, तेलात चालणारी साखळी. क्रँकशाफ्टचे फिरणे कॅमशाफ्टपर्यंत पोचवणे हे तिचे काम. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक फेरी व्हावी लागते, म्हणून क्रँकवरच्या चाकाला जेवढे दाते त्याच्या दुप्पट कॅमवरच्या चाकाला असतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. तो नेमका कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे या साखळीच्या लांबीवर अवलंबून असते.

गाडीच्या मालकाला ही साखळी एरवी कधी दिसत नाही. टायर, वायपर, सीटचे कव्हर डोळ्यांसमोर झिजतात. चेनची झीज मात्र गाडीच्या आवाजातून आणि वागण्यातून ओळखावी लागते. वर्षानुवर्षे एकाच घरात राहिलेल्या गाडीची खरी प्रकृती समजून घ्यायची, तर तिच्या चेनची हकीकत पाहावी.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत अशी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. पुढे काही काळ तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये अशी तिची रचना होती. कॅमशाफ्टला फिरवणारी चेन पुढे, रेडिएटरच्या मागे. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागला की पेढे वाटले जात, गाडीला हार घातला जाई. चाळिशीत घेतलेली गाडी माणूस निवृत्त होईपर्यंत वापरत असे, आणि तेवढ्या काळात तिच्या चेनचे किमान एक आयुष्य पुरे होत असे.

टायमिंगसाठी वापरली जाणारी चेन सहसा बुश आणि रोलरची असते. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने मँचेस्टरमध्ये १८८० साली या घडणीचे पेटंट घेतले. बाजूच्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनभोवती बुश आणि बुशभोवती फिरणारा रोलर, एवढे तिचे भाग. सायकलची चेन ज्याने हाताळली आहे त्याला ही घडण ओळखीची वाटेल. फरक एवढाच की गाडीतली चेन बंद झाकणाआड असते आणि तिला सतत तेल मिळते.

चेन ‘ताणली’ असे गॅरेजमध्ये म्हणतात. खरे तर पोलादी पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, त्यांच्यातली फट वाढते आणि अशा सगळ्या फटींची बेरीज होऊन चेन लांबते. समजा, चेनला साठ कड्या आहेत आणि प्रत्येक कडीची लांबी ९.५ मिलिमीटर आहे. एकेका सांध्यात मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा झिजला, तर सबंध चेन सहा मिलिमीटरच्या आसपास लांबते. एका सांध्यातली झीज बोटाला जाणवणारही नाही, पण साठ सांध्यांची मिळून ती इंजिनाचे वेळापत्रक बिघडवते.

चेनची एक बाजू ओढ घेते, दुसरी सैल असते. सैल बाजूची ढिलाई टेन्शनर आवरतो. ओढ घेणारी बाजू लांबली तर त्यावर टेन्शनरचा काही इलाज चालत नाही. त्या बाजूला पंधरा कड्या असतील, तर वरच्या हिशेबाने तिथे दीड मिलिमीटरची वाढ होते. कॅमच्या चाकाला चाळीस दाते असतील, तर कॅमशाफ्ट दीड अंशाच्या आसपास मागे पडतो, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मापात तीन अंशांच्या आसपास. पुढे चाकांचे दातेही झिजून आकड्यासारखे वळतात आणि चेन त्यांच्यावर चढून चालू लागते. एक दात निसटला तर क्रँकशाफ्टच्या मापात अठरा अंशांचा फरक पडतो. मग गाडी सुरू होणेच कठीण.

व्हॉल्व्ह उशिरा मिटू लागले की कमी वेगात सिलिंडरात भरलेले मिश्रण थोडे परत ढकलले जाते आणि दाब कमी पडतो. पद्मिनीत डिस्ट्रिब्युटरही कॅमशाफ्टवरूनच फिरतो, त्यामुळे ठिणगीही उशिरा पडते. परिणाम हळूहळू दिसतात. सिग्नलला उभी असताना गाडी एकसारखी चालत नाही. पेट्रोल जास्त लागते. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी जी चढण तिसऱ्या गिअरमध्ये सहज निघायची तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि वर पोचेपर्यंत पाणी तापते. घरची माणसे म्हणतात, गाडी म्हातारी झाली. वयाच्या नावावर खपवलेल्या या दुखण्याचे मूळ पुष्कळदा एका बदलता येण्याजोग्या साखळीत असते.

इथेच एक नेहमीची फसगत होते. गाडी ओढत नाही म्हटल्यावर डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठिणगी पुढे घेतली जाते. गाडी लगेच हलकी वाटते, मालक खूश होऊन घरी जातो. पण ठिणगी जागेवर आली तरी व्हॉल्व्ह मागेच राहिलेले असतात. काही महिन्यांनी पुन्हा तेच होते, पुन्हा डिस्ट्रिब्युटर फिरवला जातो. दर वेळी ठिणगी पुढे घ्यावी लागत असेल, तर ते दुरुस्त झाल्याचे लक्षण नव्हे, ते चेन झिजत चालल्याचे लक्षण आहे. चांगला मिस्त्री इथे थांबतो आणि झाकणाआड काय चालले आहे याचा विचार करतो.

पहिली तपासणी कानाने. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने क्षणभर खळखळ येते आणि तेलाचा दाब आल्यावर ती कमी होते, ही सुरुवातीची खूण. झीज वाढली की गरम इंजिनातही, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडल्यावर, झाकणाला काही घासल्याचा आवाज येतो. टॅपेटचा आवाज वेगळा असतो. तो वरून, रॉकर कव्हरखालून, हलक्या टिकटिकीसारखा येतो. पंख्याचा पट्टा काढून इंजिन मिनिटभरच चालवावे. खडखड थांबली तर दोष वॉटर पंपाच्या किंवा डायनामोच्या बेअरिंगमध्ये आहे. थांबली नाही, तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टायमिंगच्या झाकणावर टेकवून मूठ कानाला लावायची. आवाज कुठून येतो ते स्पष्ट कळते.

दुसरी तपासणी हाताने, आणि जुन्या इंजिनांसाठी तीच सर्वांत भरवशाची. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढतात. क्रँकच्या पुलीच्या नटाला पान्हा लावून इंजिन चालीच्या दिशेने फिरवतात, रोटर हलू लागला की थांबून पुलीवर खडूची खूण करतात. मग पान्हा सावकाश उलटा. पुली फिरते, पण रोटर जागचा हलत नाही. पुली आणखी थोडी सरकते, रोटर अजून स्थिर. ज्या क्षणी तो हलतो तिथे दुसरी खूण करतात. दोन खुणांमधले अंतर म्हणजे साखळीतली ढिलाई. चांगल्या चेनमध्ये ते दोन-चार अंशांचे असते. ढोबळ मानाने दहा अंशांच्या पुढे गेले की चेन बदलण्याची वेळ झाली असे समजावे. तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर असलेल्या इंजिनावर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे उलटे फिरवताना टेन्शनर मागे सरकून चेन दात सोडू शकते.

तिसरी तपासणी दाबाची. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल तर दोष त्याच्या व्हॉल्व्हचा किंवा रिंगांचा असण्याचा संभव जास्त. चारही सिलिंडरांचा सारखाच कमी असेल तर प्रत्येकात थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही, तर संशय व्हॉल्व्हच्या वेळेवर, म्हणजे चेनवर जातो.

पद्मिनीसारख्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असल्याने काम सरळ असते. पाणी सोडून रेडिएटर काढतात, मग पंखा, पट्टा, पुली आणि शेवटी टायमिंगचे झाकण. झाकणाच्या आतल्या बाजूला चकाकणारे चरे दिसले तर चेन तिथे आपटत होती हे उघड आहे. जुनी आणि नवी चेन बाकावर शेजारी शेजारी घेऊन, त्यांच्या पट्ट्या वर-खाली येतील अशा आडव्या धरून, एका टोकाला उचलावी. नवी जवळजवळ सरळ राहते, झिजलेली मधे कमानीसारखी लवते. हे एकदा पाहिलेल्या मालकाला खर्चाबद्दल वेगळे समजवावे लागत नाही.

चेन बदलताना नुसती चेन बदलणे हा खोटा काटकसरीपणा. वळलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर झिजते. दोन्ही चाके, चेन, टेन्शनर आणि गाइड असल्यास तेही, क्रँकचे तेलाचे सील आणि झाकणाचे पॅकिंग हे सर्व एकदम बदलावे. पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणून, चाकांवरच्या खुणा कंपनीच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे जुळवून चेन चढवतात. मग झाकण लावण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहतात. मधे कुठे अडले तर जोर लावायचा नाही, खुणा पहिल्यापासून तपासायच्या. शेवटी ठिणगीची वेळ नव्याने लावावी लागते, कारण जुन्या चेनसाठी पुढे घेतलेला डिस्ट्रिब्युटर आता फारच पुढे झालेला असतो. हे विसरले तर घाटात इंजिन ठोके देऊ लागते.

घरात दुसरी गाडी आली तेव्हा चेनचा प्रश्न काही काळ मागे पडला. मारुती ८०० मध्ये चेनऐवजी रबरी पट्टा होता. तो आवाज करत नाही आणि तुटण्याआधी सूचनाही देत नाही, म्हणून ठरलेल्या किलोमीटरना तो बदलावाच लागतो. पुढच्या पिढीच्या डिझेल गाड्यांत चेन परत आली. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन हे तिचे ठळक उदाहरण. पुण्याजवळ रांजणगावला ते बनत असे आणि मारुती, टाटा व फियाट अशा तिन्ही नावांच्या गाड्यांत ते लागले. २०२० च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, त्या सुमारास मारुतीने ते थांबवले. त्या गाड्या आज जुन्या झाल्या आहेत आणि सकाळची ती खळखळ आता त्यांच्यातून ऐकू येते.

या इंजिनांत टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. डिझेलच्या तेलात काजळी उतरते. तेल बदलायला उशीर झाला की तीच काजळी पिन आणि बुश घासून काढते, आणि पातळी खाली गेली तर टेन्शनरला पुरेसा दाब मिळत नाही. इथे चेन निसटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, रॉकर आर्म तुटतात आणि हेड उतरवावे लागते. इंजिन आडवे असल्याने जागा अपुरी, आणि कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवायला खास पिना लागतात. ज्याच्याकडे ती हत्यारे नाहीत त्याच्या हाती हे काम देऊ नये. चेन आयुष्यभर टिकते, असे विकताना सांगितले जाते. ते वेळेवर तेल मिळालेल्या चेनपुरतेच खरे आहे.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निघाली. शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत तिथे संपली. खासगी गाड्या मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, हरित कर भरून, नोंदणी वाढवून चालवता येतात. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणूनही नोंदवता येते. म्हणजे गाडी ठेवायची की मोडीत काढायची, हा निर्णय पुष्कळ घरांत अजून मालकाच्या हातात आहे.

तो निर्णय चेनच्या आवाजावरून घेऊ नये. तेलाचा दाब चांगला आहे, धूर नाही, पत्रा शाबूत आहे, अशा गाडीला चेनचा पूर्ण संच घालणे हा वाजवी खर्च आहे आणि त्याने गाडीला पुढची कित्येक वर्षे मिळतात. बेअरिंगे आणि रिंगाही गेल्या असतील तर सगळे इंजिन एकदमच उघडावे, नाहीतर एकच मजुरी दोनदा द्यावी लागते. आणि ज्यांची गाडी अजून शांत चालते त्यांनी दर पंधरवड्याला डिपस्टिक पाहावी, तेल मुदतीत बदलावे आणि सकाळी गाडी सुरू करताना रेडिओ बंद ठेवावा. चेन झिजली की आधी बरेच दिवस आवाज देते. तो ऐकून वेळीच गॅरेज गाठणाऱ्याचे इंजिन वाचते.