आमच्या यादीतून गाळलेली नावं

लेखकाची मतं आपल्याला पटत नसतील, घातक वाटत असतील, तर त्याचं पुस्तक विकत घेऊ नये, असं मी कितीतरी वर्षं मानत आलो. आणि तसं वागतही आलो. त्या वागण्याचा परिणाम माझ्या घरातल्या कपाटापुरता राहिला असता तर हे लिहायची गरज नव्हती. पण शहापूर तालुक्यातल्या एका लहानशा सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मी नोकरीत असल्यापासून आहे, आणि तिथे माझ्या शब्दाला मान आहे. मराठीचा मास्तर म्हणून लोक ऐकतात. 'हे नको' असं मी म्हटलं की ते पुस्तक सहसा येत नाही.

माझं ते मत आता राहिलेलं नाही. ते कसं गेलं ते सांगायचं, तर आधी ते कुठून आलं ते सांगायला हवं.

आणीबाणी लागली तेव्हा मी कॉलेजात होतो. १९७५ साली कराडला साहित्य संमेलन भरलं. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत. सगळे जपून बोलत असताना त्या माणसांनी भरलेल्या मांडवात दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली, आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना केली. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात जावं लागलं. आमच्या पिढीतल्या अनेकांवर त्या प्रसंगाने कायमचा ठसा उमटवला. लेखक म्हणजे असा, जगणं आणि लिहिणं ज्याच्या बाबतीत एकच आहे, अशी माझी धारणा झाली.

त्याच काळात दुसरीकडे नामदेव ढसाळ. 'गोलपिठा' १९७२ सालचा. तो वाचल्यावर मराठी कविता पूर्वीसारखी वाचणं मला शक्य राहिलं नाही. दलित पँथरही त्याच वर्षीची. आणि १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, याच कवीने इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' ही दीर्घ कविता लिहिली. मला ते सहन झालं नाही. पुढे त्यांनी 'सामना'त सदर लिहायला घेतलं तेव्हा मी मनातून त्यांना कायमचं वजा करून टाकलं. समितीत त्यांचं नाव निघालं की मी गप्प राहायचो, आणि माझं गप्प राहणं पुरेसं असायचं. त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. ज्याच्यावर जीव टाकला त्याने पाठ फिरवली तर माणूस रागावणारच.

सावरकरांच्या बाबतीत प्रकार वेगळा होता. तिथे अपेक्षाभंग नव्हता, सरळ विरोधच होता. मी सेवा दलात वाढलेला. त्यांचं हिंदुत्व मला मान्य नव्हतं, आजही नाही. 'माझी जन्मठेप' मी शाळेत असतानाच वाचलं होतं, घरी वडिलांची जुनी प्रत होती. अंदमानच्या कोठडीचं, कोलू ओढण्याचं ते वर्णन थोर आहे हे मला ठाऊक होतं. तरीही वाचनालयाचे पैसे त्यावर घालवायला मी तयार नव्हतो. आधीची प्रत फाटून गेली होती, नवी मी येऊ दिली नाही. जनतेच्या पैशातून आपण कुणाचं वजन वाढवतो याचा विचार नको का करायला, असं मी म्हणायचो आणि समिती ऐकायची.

मग समितीत एक नवे सभासद आले. तालुक्याच्या राजकारणातले, माझ्या उलट विचारांचे, पण पुस्तकांवर खरं प्रेम असलेले. त्या वर्षीच्या यादीत मी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' घातलं होतं. ते म्हणाले, "गुरुजी, हे नको. बाई कम्युनिस्ट होत्या."

मी संतापलो. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यावर याच्या तोडीचं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. पुण्यात सुखवस्तू घरात जन्मलेली, वकिलीचं शिक्षण घेतलेली ही बाई डहाणू-उंबरगावच्या पाड्यांवर जाऊन राहिली. तिथल्या वारल्यांनी तिला 'गोदाराणी' म्हटलं. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि त्यापोटी नवराबायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचं, ही लग्नगड्याची पद्धत तिने आतून पाहिली, मोडली आणि लिहून ठेवली. १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि हे कुठलं तरी लांबचं नाही. आसनगावला गाडीत बसलं की वाशिंद, खडवली आणि मग टिटवाळा. १९४५ च्या जानेवारीत त्याच टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. वारली तिथे आले आणि परत जाताना वेठ बंद करायचा निश्चय घेऊन गेले. आमच्याकडे पावसाळा संपला की कातकरी-ठाकरांची कुटुंबं आजही उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या मुलांना हे पुस्तक नको, तर मग कुणाला?

हे सगळं मी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सावरकर का नको?"

माझ्याकडे उत्तरं होती. त्यांची मतं आणि बाईंची मतं यांत फरक आहे, हे मी तासभर सांगू शकलो असतो. पण माझ्या लक्षात आलं की त्यांच्याकडेही तसाच तासभराचा मजकूर आहे. वाद पुस्तकांचा राहिलाच नव्हता, समितीत बहुमत कुणाचं एवढ्यावर तो आला होता. त्या दिवशी मी मत बदललं असं नाही. यादी पुढे ढकलली आणि घरी आलो.

२०२२ च्या डिसेंबरात कोबाड गांधींच्या पुस्तकाचं प्रकरण झालं. 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' हे त्यांचं तुरुंगातल्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक, त्याचा मराठी अनुवाद अनघा लेले यांनी केला, लोकवाङ्मय गृहाने छापला. राज्य सरकारने ६ डिसेंबरला वाङ्मय पुरस्कार जाहीर केले, त्यात अनुवादासाठीचा एक लाखाचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार या पुस्तकाला होता. १२ डिसेंबरला शासन निर्णय काढून तो रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. नक्षलवादाचं उदात्तीकरण नको, असं कारण पुढे आलं. प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेरंब कुलकर्णी यांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. 'भुरा'चे लेखक शरद बाविस्कर यांनी आपला पुरस्कार नाकारला.

मी अर्थातच सरकारवर चिडलो. पण त्या आठवड्यात रात्री झोप येईना, कारण चिडताना मी जे मुद्दे मांडत होतो ते सगळे माझ्यावरच येत होते. पुरस्कार अनुवादाला होता. मराठी वाक्य कसं उतरलं आहे, एवढाच तिथे प्रश्न होता. शिक्षा झाली ती अनुवादिकेला, आणि तीही मूळ लेखक कोण आहे यावरून. याहून विलक्षण म्हणजे, याच पुस्तकात गांधींनी जे विचार मांडले त्यांवरून माओवादी पक्षाने २०२१ मध्येच त्यांना पक्षातून काढून टाकलं होतं. एका बाजूला तो फार माओवादी, दुसऱ्या बाजूला पुरेसा नाही. पुस्तकात नेमकं काय आहे हे दोन्हीकडे दुय्यमच. मी यादीवर पेन्सिलीने काट मारतो तेव्हा वेगळं काय करतो? माझ्या हातात शासन निर्णय नाही, इतकंच.

तरीही पैशाचा मुद्दा माझ्या मनातून जात नव्हता. आपला रुपया कुठे जातो हे बघायचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणून मी एकदा नीट हिशेब मांडला. मराठी पुस्तकावर लेखकाला मानधन मिळतं ते साधारणपणे छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तीनशेच्या पुस्तकावर तीस रुपये. बाकीचे पैसे कागद, छपाई, बांधणी, प्रकाशक, विक्रेता यांच्यात वाटले जातात. ढसाळ २०१४ साली गेले, सावरकर १९६६ साली. आमच्या वाचनालयाने एक प्रत नाकारून कुणाचंही काही बिघडत नव्हतं.

बिघडत होतं ते इथल्या वाचकाचं. हे मला एका मुलामुळे दिसलं. डोळखांबकडच्या ठाकरवाडीतला, आश्रमशाळेत शिकून आता भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करणारा. त्याने येऊन 'माझी जन्मठेप' मागितलं. नाही म्हटल्यावर त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "मग कुठं भेटंल, गुरुजी?"

कुठे मिळणार? आमच्या बाजारातल्या दुकानांत वह्या, गाईडं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मिळतात. पुस्तकांचं म्हणावं असं दुकान गाठायचं तर कसारा लोकलने ठाणं किंवा दादर. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. टोकावडे, धसई, म्हसा इथल्या मुलाला आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं आणि मे महिन्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकांच्या टंचाईबद्दल कुणी बोलत नाही. दादरचा वाचक एखाद्या लेखकावर बहिष्कार टाकतो तेव्हा तो फक्त स्वतःपुरता निर्णय घेतो. शेजारचा माणूस चार पावलं चालून तेच पुस्तक घेऊ शकतो. आमच्याकडे येते ती एकच प्रत. ती मी नाकारली की पंचवीस-तीस वाड्यांसाठी ते पुस्तक जगातच नसतं. मी स्वतःच्या सदसद्विवेकाला जपत होतो आणि त्याची किंमत दुसराच मोजत होता, ज्याला मी कधी विचारलंही नव्हतं.

त्या मुलाला मी घरची, वडिलांची प्रत दिली. काही दिवसांनी तो ती परत घेऊन आला. "जेलातलं लय खरं वाटतं," म्हणाला, "पण बाकीचं काय मला सगळं पटलं नाय." त्यावर आम्ही पायरीवर बसून बराच वेळ बोललो. काय पटलं नाही हे त्याने मला सांगितलं, आणि त्यातल्या एकदोन गोष्टी माझ्या ध्यानात इतक्या वर्षांत आल्या नव्हत्या. ज्या वाचकाला मी त्या मतांपासून वाचवत होतो, त्याला माझ्या संरक्षणाची काही गरज नव्हती. मग मी त्याला 'जेव्हा माणूस जागा होतो' दिलं. तेही त्याने तसंच, जागोजागी थांबून वाचलं.

म्हणजे लेखकाच्या मतांशी मला आता काही देणंघेणं नाही, असं नाही. माझ्या स्वतःच्या खिशाचा प्रश्न वेगळा आहे. जगभर 'हॅरी पॉटर'वर वाढलेली मुलं आज जे. के. रोलिंग यांची पुस्तकं घ्यायची नाहीत म्हणतात. ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीची त्यांची भूमिका त्या मुलांना जखमी करते. लेखिका हयात आहे, उघड बोलते आहे, आणि २०२५ मध्ये तिने त्या भूमिकेच्या कोर्टकज्ज्यांना मदत करायला स्वतंत्र निधीही काढला आहे. तिथे पैसा कुठे जातो हे स्पष्ट दिसतं. माझ्या नात्यातल्या एका मुलीने तो संच विकत घ्यायचं नाकारलं, तेव्हा मला ते पूर्णपणे रास्त वाटलं. तिचा पैसा, तिचा निर्णय. पण तीच उद्या कुठल्या गावच्या वाचनालयाची यादी करायला बसली तर मी तिला म्हणेन, मराठी 'हॅरी पॉटर' घे.

सत्काराचाही प्रश्न वेगळा. शाल-श्रीफळ देऊन आपण माणसाला मान देतो, आणि तो देताना त्याचं बोलणं-वागणं तपासायचा गावाला पुरेपूर अधिकार आहे. २०१५ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांना महाराष्ट्रभूषण देण्यावरून एवढा वाद झाला. तो वाद होणं मला गैर वाटलं नाही, कारण तो सन्मान एका माणसाच्या सबंध कामाचा होता. पण त्यासाठी त्यांचं 'राजा शिवछत्रपती' वाचनालयातून हलवा असं कुणी म्हणालं असतं तर आज मी उभा राहून विरोध केला असता. वीस वर्षांपूर्वी केला असता की नाही, सांगता येत नाही.

आणि पुस्तकाच्या आत काय आहे, हा तर सर्वांत मोठा प्रश्न. मागच्या बैठकीत एक कादंबरी आली होती. लेखक सज्जन, माझ्याच विचारांचा, आदिवासींविषयी व्यासपीठावर कळवळून बोलणारा. पण कादंबरीतले कातकरी सगळे एकजात दारुडे, चोरटे आणि लाचार. मी ती नको म्हणालो. लेखकाची मतं माझ्याशी जुळत असूनही नको म्हणण्याची माझी ही पहिलीच वेळ. समितीतल्या एका ताईंनी विचारलं, "सगळी वाचलीत का?" वाचली होती. त्यांनीही वाचायला मागितली, पुढच्या बैठकीपर्यंत निर्णय थांबला आहे.

ढसाळांचा मात्र झाला. 'गोलपिठा' या वर्षीच्या यादीत आहे, आणि 'प्रियदर्शिनी' मिळाली तर तीही आणायची असं मी सुचवलं आहे. 'माझी जन्मठेप'ची नवी प्रत आली, नोंदवहीत तिला क्रमांक पडला. कोबाड गांधींच्या पुस्तकावर अजून वाद चालू आहे. ते नवे सभासद अडून बसले आहेत. मी त्यांना माझी प्रत वाचायला नेऊन दिली आहे.